खरड्याचा ठसका

रविवारी दुपारची पंगत उठली, पत्रावळ्या बाहेर गेल्या, चुलीवरून पोतेरं फिरलं, की मी मागच्या दारात पाय पसरून बसते आणि सरलेला आठवडा समोर घेते. काय जमलं, काय फसलं, कोठीत काय संपत आलंय, कोण जेवणारा रुसलाय आणि कुणाचं पोट बिघडलंय. माझे वडील कुरुंदवाडला मुलांना शिकवत. त्यांना प्रत्येक गोष्टीची यादी लागे. जेवायला बसले तरी ताटातल्या पदार्थांकडे हजेरी घेतल्यासारखं बघत. ती खोड मला लागली. खानावळ चालवणाऱ्या बाईला अशी खोड उपयोगी पडते.

तर हा आठवडा असा गेला. नवा जोंधळा जात्यात पडला. पीठ इतकं गोड निघालं की भाकरी थापताना हातालाच भूक लागावी. बाजारात पावट्याच्या शेंगा भरून आल्या. सोमवारी त्यांची आमटी केली, कचेरीतल्या कारकुनांनी वाट्या पुसून खाल्ली. मंगळवारची वांगी कडू निघाली. ते मी माळणीला चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं आणि तिनं गुपचूप मेथीची जुडी वर टाकली. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरचा मुनीम गावाहून परत आला, येताना काकवीचं मडकं घेऊन आला. चुलीची एक बाजू खचली होती, ती नव्या मातीनं सारखी केली. पहाटे थंडी चांगली पडते आहे. पहिली भाकरी अजून मीच खाते, उभ्यानं, तेल-मीठ लावून, कुणी यायच्या आत. ती खाताना मला कुणाची आठवण येत नाही आणि कुणाचं काही हवंसं वाटत नाही. सुख म्हणून माझ्या वाट्याला जे आलंय ते बहुतेक त्या भाकरीत असावं. मला ते पुरतं.

शुक्रवारी खरडा केला. या हिवाळ्यातला पहिला. तो कुणासाठी केला ते मागाहून सांगते, कारण त्याच्या आधी बरंच काही सांगावं लागेल.

खरडा करायला अक्कल लागत नाही, हिंमत लागते. लोखंडी तवा चांगला तापवायचा, हिरव्या मिरच्या देठ काढून टाकायच्या, तेलाचा हात फिरवायचा आणि त्यांच्या अंगावर काळे डाग पडेपर्यंत मागं सरायचं नाही. मग लसूण, मीठ, मूठभर भाजलेले शेंगदाणे. मग तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. या सगळ्यात जो धूर उठतो तो डोळ्यांना दिसत नाही. तो थेट घशात जाऊन बसतो. घरातलं माणूस खोकतं, दारातलं खोकतं, रस्त्यानं जाणारा पाहुणा ठसकतो आणि खोकता खोकताच विचारतो, "कुणाकडं खरडा हाय म्हणायचा?"

माझ्या घशाला त्याची सवय आहे. मला ठसका लागत नाही. पण पहिल्या मिरचीची कातडी तडकली की माझ्यासमोर ही चूल राहत नाही. शहराबाहेरचा माळ दिसतो, गवतानं शाकारलेल्या झोपड्यांच्या रांगा दिसतात, आणि मधल्या बांबूच्या तट्टीपलीकडून चांदीच्या तोड्यांचा आवाज येतो. तोडे थांबतात. मग खोकला सुरू होतो. त्या खोकल्याइतकं गोड माझ्या कानांनी अजून काही ऐकलेलं नाही.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. गाठीचा ताप तेव्हा गावोगाव फिरत होता. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, अंग पेटायचं आणि माणूस बघता बघता जायचा. तो ताप येण्याआधी घरातले उंदीर मरत. म्हणून 'उंदीर पडला' एवढं कुणी म्हटलं की ऐकणारा दारातूनच मागं फिरे. ज्या घरात उंदीर पडला त्या घरात कुणी पाणी पीत नसे. दरबारची माणसं येत, कौलं काढून आत ऊन सोडत, भिंतींना चुना मारत, धान्य-सामान बाहेर काढत आणि दारावर तांबडी खूण करून जात. घरातल्यांनी माळावर जायचं. तिथं दरबारातून बांबू, गवत आणि तट्ट्या मिळत.

माझ्या घरात उंदीर पडला नव्हता.

हे वाक्य मी त्या हिवाळ्यात किती जणांना सांगितलं असेल. ऐकून माणसं मान हलवत आणि दोन पावलं मागं सरत.

नवरा गेल्यावर मी खानावळ काढली होती. एकटी बाई, दोन खणांचं घर, एक चूल. कचेरीतले कारकून, पेढ्यांवरचे मुनीम, शिकायला आलेली मोठी मुलं. हळूहळू नाव झालं. माझ्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. त्या घरात तानुबाई आणि तिचा नवरा मारुती राहत. माझ्याकडची पंगत तिला भिंतीतून ऐकू जायची. त्या दिवाळीला तिनंही जेवणारे ठेवायला सुरुवात केली. माझं काही म्हणणं नव्हतं. शहरात भूक भरपूर होती. तिच्याकडं दोन माणसं गेली आणि महिन्याभरात परत माझ्याकडं आली. का आलात म्हणून मी विचारलं तर ती माणसं म्हणाली, आमटी पातळ असते. हे मी पाणवठ्यावर बोलले. बोलायला नको होतं असं मला कधी वाटलं नाही. आमटी पातळच होती.

त्यानंतरच्या आठवड्यात दरबारचा शिपाई आणि चुन्याच्या बादल्या घेतलेले गडी माझ्या दारात आले. शिपाई म्हणाला, "आक्का, तुमच्या कोठीत उंदीर पडलाय म्हणून खबर हाय."

"कुणी दिली खबर?"

"शेजारणीनं. तिनं डोळ्यांनी बघितलाय म्हणं."

तानुबाई तिच्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून, पायात चांदीचे तोडे. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा तिनं नजर वळवली नाही, हे मी लक्षात ठेवलं.

उंदीर काही सापडला नाही. पण एकदा खबर आली म्हणजे उंदराची गरज नसते. कोठी रिकामी झाली. जोंधळा, तूर, हुलगे परड्यात खड्डा काढून त्यात ओतले. मग वर्षाच्या चटणीची बरणी आली. कोल्हापूरच्या बाईला वर्षाची चटणी म्हणजे काय असतं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. भर उन्हाळ्यात मिरच्या निवडायच्या, वाळवायच्या, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण सोलून सोलून नखं जाळून घ्यायची आणि मग उखळात कांडत बसायचं, अंगभर आग घेऊन. ती चटणी वर्षभर प्रत्येक आमटीत, प्रत्येक कालवणात जाते. बाईच्या हाताची चव म्हणतात ती त्या बरणीत असते. गड्यानं बरणी खड्ड्यावर उपडी केली. लालभडक ढीग पडला आणि त्याच्यावर दुसऱ्यानं चुन्याची बादली ओतली. लालावर पांढरं पसरत गेलं. मी उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. कुणी विसरायला सांगितलं की मी तो खड्डा आठवते.

त्याच संध्याकाळी माझी माणसं तानुबाईच्या ओट्यावर जेवायला बसली. मी डोक्यावर तवा, कळशी, चार पितळी भांडी आणि अंथरूण घेऊन त्यांच्यासमोरून माळाकडं गेले. एकानंही मान वर केली नाही. मेथीची भाजी होती. कढी होती. मी वासावरून ओळखलं.

माळावर तेव्हा मोजक्या झोपड्या होत्या. थंडी अशी की पहाटे कळशीतल्या पाण्यात हात घालवत नसे. पण मी हेही सांगेन की त्या माळावर मला बरं वाटलं. सूर्य कुठल्या भिंतीआडून यायचा नाही, सरळ यायचा. तीन दगडांची चूल मी रोज वारा बघून मांडायची. आसपासच्या शेतकऱ्यांकडं हिरव्या मिरच्या, पावटा, ओला हरभरा मिळायचा. लाल चटणी नव्हती म्हणून मी हिरव्या मिरचीवर स्वयंपाक करायला शिकले. कालवण हिरवं, आमटी हिरवी, तोंडी लावायला खरडा. खाणारी एकटीच होते. उंदीर पडलेल्या घरची बाई म्हणून शेजारच्या झोपड्यांतली माणसं माझ्या चुलीला वळसा घालून जायची.

पहिल्यांदा थांबले ते बाबूभाई कल्हईवाले. म्हातारे, दाढीला मेंदी, खांद्यावर भाता. झोपड्यांतली भांडी कल्हई करून देत फिरायचे. माझी पितळी भांडी चुन्याच्या पाण्यानं काळी पडली होती. त्यांनी ती माझ्या झोपडीसमोर उघड्यावर मांडली, भाता फुंकला, नवसागर टाकला आणि एकेक भांडं चांदीसारखं करून उन्हात पालथं घातलं. येणारे-जाणारे बघत होते.

"भाई, माझ्या घरात उंदीर पडला न्हवता," मी म्हणाले.

"आक्का, मला उंदराचं काय सांगतीस. मला भाकरीचं सांग. वास येतोय मघापासनं."

आपली थाळी काढून ते जरा लांब बसले आणि खरड्याबरोबर तीन भाकऱ्या जेवले. खोकले, डोळे पुसले, परत जेवले. उठताना म्हणाले, "ह्यातनं जर मी जगलो तर गाठीच्या तापाला काय भितोय."

ते जगले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आणखी एकाला घेऊन आले. पण कारकून, मुनीम, माझी जुनी माणसं काही आली नाहीत. ती शहरात होती, तानुबाईची पातळ आमटी खात होती. मला रात्रंदिवस एकच गोष्ट हवी होती. चार माणसांत, मोठ्यानं, तिच्याच तोंडून यावं, की गोदाक्काच्या घरात उंदीर पडला नव्हता. माझ्या सांगण्यानं काही होणार नव्हतं. घर पुन्हा उघडलं असतं तरी माझ्या दारावरची तांबडी खूण पुसली गेली असती, लोकांच्या मनातली नाही. मग मी काय करायचं होतं? माहेरी जाऊन भावजयीच्या चुलीपाशी बसायचं?

आणि मग, मार्गशीर्ष संपता संपता, उंदीर खरोखरच पडायला लागले. गल्लीच्या गल्ली रिकामी झाली. तानुबाईच्या घरात तर आढ्यावरून पंगतीतच पडला म्हणे. हे मला बाबूभाईंनी सांगितलं. सांगताना ते हसले नाहीत, मीही हसले नाही, पण त्या दिवशी मी गूळ घालून गव्हाची खीर केली.

सगळं शहर माळावर आलं. झोपड्या ओळीनं वाटल्या जात होत्या. माझ्या शेजारची झोपडी रिकामी होती, कारण तिथं राहायला कुणी तयार नव्हतं. ती उशिरा आलेल्या जोडप्याला मिळाली. मी भाकरी थापत होते. तोड्यांचा आवाज ऐकला आणि वर न बघता ओळखलं.

आमच्यामध्ये भिंत होती तोवर बरं होतं. आता एक तट्टी होती. तिच्यातून उजेड यायचा, वास यायचा, कुजबूज यायची. ती कूस बदलायची तेही मला कळायचं. पहिल्या दिवशी मारुतीभाऊजी दबक्या आवाजात तिला म्हणाले, "जरा बोलून घे की आक्कांशी. शेजार हाय."

"मी न्हाय बोलत. मी काय केलंय?"

मी काय केलंय. मी ते ऐकलं आणि चुलीचे दगड उचलले. दुपारी वारा फिरून नदीकडून यायचा. मी चूल अशी मांडली की तव्यावरून निघालेलं सगळं थेट तिच्या झोपडीच्या तोंडात जावं. आणि रोज दुपारी खरडा करायला लागले.

आधी पाव मूठ मिरच्या असायच्या. मग मूठ. मग ओंजळ. तिखट मिरच्या कुठल्या शेतात मिळतात ते मी चौकशी करून ठेवलं होतं. तानुबाई खोकायची. तट्टीला गोधडी लावायची. गोधडीतून धूर थांबत नाही, उलट आत शिरलेला बाहेर येत नाही. ती खोकता खोकता म्हणायची, "मुद्दाम करतीया. कळतंय मला."

मी तव्याकडं बघत म्हणायची, "मी काय केलंय?"

मारुतीभाऊजींचा मात्र वेगळाच घोटाळा झाला. त्यांनाही ठसका लागायचा, पण ठसक्यामागून वास यायचा. एके दिवशी ते तट्टीच्या मागल्या अंगानं आले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "आक्का, अर्धीच भाकरी. तिला कळू देऊ नगा."

"बसा. पण समोर बसा. चोरून जेवणाऱ्याला माझ्याकडं वाढत न्हाईत."

ते समोर बसले. तट्टीच्या फटीतून दोन डोळे दिसत होते. मी भाकरीवर लोणी घातलं, जरा जास्तच. भाऊजी जेवत होते आणि पलीकडं तवा आपटल्याचा आवाज येत होता. उघड्यावर तिची चूल पेटतच नसे. भाकऱ्या एका अंगानं करपत आणि दुसऱ्या अंगानं कच्च्या राहत. मी तिला एकदाही चूल कशी मांडायची ते सांगितलं नाही.

त्या माळावर आठवड्याला तपासणी असायची. डॉक्टरसाहेब घोड्यावरून यायचे, तोंडाला कापूर लावलेलं फडकं बांधून. बरोबर तोच शिपाई, जो माझ्या दारात आला होता. प्रत्येक झोपडीसमोर माणसांनी उभं राहायचं. पुरुषांचं अंग शिपाई बघायचा. बायकांना हात लावू द्यायला लोक तयार नव्हते, म्हणून साहेब शेजारणीला विचारायचे. शेजारीण म्हणाली बरी आहे, तर बरी. शेजारीण म्हणाली ताप आहे, तर त्या बाईला माळाच्या टोकाच्या छपरात नेत. त्या छपरातून पायांनी परत आलेलं माणूस आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी तपासणी दुपारी आली. मी खरडा नुकताच तव्यातून काढून झाकला होता आणि भाकऱ्यांना लागले होते. बाबूभाई थाळी घेऊन बसले होते, त्यांच्या जोडीला आणखी काही जण. तानुबाई गोधड्या लावून आत बसलेली. शिपायानं हाक मारली तेव्हा ती बाहेर आली, आणि जी खोकायला लागली ती थांबेना. डोळे लाल, चेहरा लाल, कपाळावर घाम. भर थंडीत. तिला उभं राहवत नव्हतं. मारुतीभाऊजींनी धरलं.

साहेबांनी घोडा थांबवला. मागं सरकवला.

"कधीपासून खोकते ही?"

भाऊजींची बोबडी वळली. "न्हाई... म्हंजी रोजच... दुपारचं..."

"रोज?" साहेब शिपायाकडं वळून काहीतरी म्हणाले. शिपायानं छपराकडं बघितलं. रांगेतली माणसं बाजूला झाली. माझ्यापासून जशी झाली होती तशीच.

मग साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही शेजारी राहता. हिला ताप आहे का?"

माझ्या हातात भाकरी होती. ती मी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

तानुबाईनं माझ्याकडं बघितलं. आता तिला खोकलाही येत नव्हता. तिला सगळं कळलं होतं. माझ्या एका शब्दावर ती छपरात जाणार होती किंवा राहणार होती. तिच्या एका शब्दावर माझी चटणी चुन्यात गेली होती. मी तिच्याकडं बघत होते, नजर न वळवता. हे मी तिच्याकडूनच शिकले होते.

"बाई, मी विचारतोय."

भाकरीच्या कडा सुटायला लागल्या. मी ती उलटली.

"साहेब," तानुबाई एकदम म्हणाली. आवाज बसला होता. "हिच्या घरात उंदीर पडला न्हवता."

साहेबांना काही कळेना. "कुठला उंदीर?"

शिपायाला कळलं. त्यानं मान खाली घातली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं. "खोकल्यात ऐकू आलं न्हाय."

"गोदाक्काच्या घरात उंदीर पडला न्हवता," ती ओरडली. रांगेच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तिथं माझे कारकून उभे होते, मुनीम उभे होते. "मी खोटं सांगिटलं. मला खानावळ काढायची हुती. आता सांग की गं बाई काय सांगायचं ते."

मी घाई केली नाही. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी केली. ती फुगली, टम्म. पापुद्रा सुटला. ती उचलून टोपलीत ठेवली, हात झटकले आणि मग उठले.

"साहेब, तिला काय झालेलं न्हाय. माझ्या खरड्याचा ठसका हाय. फडकं काढून बघा."

साहेबांनी नाकावरचं फडकं खाली केलं. मी झाकण उचललं. साहेबांनी एक श्वास घेतला, आणि मग ते, त्यांचा घोडा आणि शिपाई असे तिघंही एकदम शिंकले. रांगेत हशा पिकला. त्या माळावर कित्येक दिवसांत कुणी तसं हसलं नव्हतं. तानुबाई मटकन खाली बसली होती. ती तेवढी हसत नव्हती. मीही नाही.

ते गेल्यावर बाबूभाई म्हणाले, "आक्का, मला वाटलं तू आता बोलत न्हाईस."

"मलाबी तसंच वाटलं हुतं," मी म्हणाले.

त्यांनी थाळी पुढं केली.

दुसऱ्या दिवसापासून पंगत परत बसायला लागली. कारकून आले, मुनीम आले, खाली मान घालून. मी पहिल्या दिवशी सगळ्यांना आमटी घट्ट केली, इतकी की वाटी उपडी केली तरी पडली नसती. तानुबाई वाटी घेऊन आली ती सगळ्यांच्या शेवटी. वाढलं मी तिला. भाकरी दिली, आमटी दिली, खरडा दुसऱ्यांना वाढते त्याच्या दुप्पट दिला आणि समोर बसून तो संपेपर्यंत उठले नाही.

शहर उघडलं, घरांवर कौलं चढली, खुणा पुसल्या गेल्या. उन्हाळ्यात मी नवी चटणी कांडली. तानुबाईनं खानावळ परत काढली नाही. आमच्यामध्ये पुन्हा भिंत आली आणि आम्ही शेजारणी राहिलो, अजून आहोत. सणाला ताटं जातात-येतात. लोक म्हणतात, झालं ते झालं, तुम्ही दोघी आता म्हाताऱ्या होत चाललात. मी लोकांना सांगते, माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे. तीळ तिळाच्या डब्यात, गूळ गुळाच्या. राग रागाच्या. त्याला मी वर्षातून एकदा ऊन दाखवते, म्हणून तो बुरसत नाही.

आता शुक्रवारचं.

शुक्रवारी सकाळी तानुबाईची सून आली. पारू नाव तिचं, गोड मुलगी आहे, तिचा यात काही संबंध नाही. दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

"काय गं?"

"आत्तींना ताप येऊन गेला न्हवं. तोंडाला चव न्हाय म्हणत्यात. चार दिस झालं काय बी खाईनात."

"मग?"

"म्हणत्यात, गोदाक्काच्या हातचा खरडा मिळंल काय बघ. त्यावर भाकरी जाईल म्हणत्यात."

मी पीठ मळत होते. हात थांबले. "तिनं माझं नाव घेतलं?"

"व्हय की. दोनदा घेतलं."

"मोठ्यानं?"

पारूला हा प्रश्न कळला नाही. "जरा मोठ्यानंच म्हणाल्या. ओट्यावर बायका बसल्या हुत्या त्यांनी ऐकलं."

"बस आत. लगेच करून देते."

बाजारातून मुद्दाम निवडून आणलेल्या मिरच्या होत्या, त्या घेतल्या. तवा तापवला. भिंतीत वरच्या अंगाला धूर जायला एक झरोका आहे. तो तिच्या परड्याकडं उघडतो. एरवी पावसापाण्याचा मी तो बंद ठेवते. शुक्रवारी उघडला. मिरच्या टाकल्या. पहिलीची कातडी तडकली आणि पारू पदर नाकाला लावून बाहेर पळाली. मी लसूण घातला, मीठ घातलं, शेंगदाणे घातले, तांब्याच्या बुडानं रगडलं. छान झाला होता. आजारी माणसासाठी म्हणून मीठ बेताचं ठेवलं. मिरची नाही.

वाटी भरून पारूच्या हातात दिली, वर पहिली भाकरी दिली. रोज जी मी खाते ती. पारू झाकण शोधायला लागली.

"झाकू नकोस," मी म्हणाले. "तशीच ने. ओट्यावरनं ने. मागल्या दारानं न्हाय."

ती गेली. ओट्यावरच्या बायकांचे आवाज आले, कुणाकडनं आणलास गं, आणि पारूचं स्पष्ट उत्तर. मी दुसरी भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि थांबले.

भिंतीपलीकडून ठसका आला. मोठा, लांबलचक, जुना. मग भाकरी मोडल्याचा आवाज.

मी माझी भाकरी उलटली.